गाडीचं वय मोजू नका, खाली वाकून बघा

प्रति,
सन्माननीय सदस्य, गोवा विधानसभा,
पर्वरी

सप्रेम नमस्कार.

माझी डिझेल गाडी २०११ सालची. यंदा तिच्या नोंदणीला पंधरा वर्षं पुरी होतात आणि नूतनीकरणाचे कागद जमवायची वेळ आलीय. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी पुढे, हा मोटार वाहन कायद्यातला जुनाच नियम. बदललीय ती फी. १ एप्रिल २०२२ च्या आधी चारचाकीला सहाशे रुपये पडायचे, आता पाच हजार. आणि गाडीने विशी ओलांडली की ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार दहा हजार. पैसे भरायला माझी ना नाही. जुनी गाडी सांभाळायची तर खिशाला कात्री लागणारच. पत्र लिहितोय ते दुसऱ्याच कारणाने. या पाच हजारांत गाडीचं नेमकं काय तपासलं जावं, आणि ती रस्त्यावर राहावी की भंगारात जावी हे कशावरून ठरावं, याबद्दल मला तुमच्यापुढे काही मांडायचंय.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण दिल्ली. तिथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद केल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, ओरड झाली, काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटलं, डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-चार (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराचे टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेले सरकारी निकष) आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. माझी बीएस-तीन आहे. दिल्लीत असती तर ती आज दारात उभी करून रोज धुवायच्या कामाची. त्या बातम्या आल्यापासून डिचोलीच्या बाजारात ज्याच्याकडे म्हणून डिझेल गाडी आहे तो दुसऱ्याला एकच विचारतो, आपल्याकडे कधी? आणि ज्याच्याकडे नाही तो त्याला गाडी स्वस्तात विकून टाकायचा सल्ला देतो, बहुतेक करून स्वतःच्याच मेव्हण्याला.

दिल्लीची हवा दिल्लीची. तिथे हिवाळ्यात धूर जमिनीलगत कोंडून राहतो, इथे रोज संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो. म्हणून आपण काहीच करू नये असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की उद्या या सभागृहात जुन्या डिझेल गाड्यांचा विषय निघालाच तर कॅलेंडर समोर ठेवून निर्णय घेऊ नका. गोव्यात गाडी कशाने खराब होते, ती धूर कधी ओकते आणि जीवावर कधी उठते, हे वेगळं प्रकरण आहे, आणि त्यातलं फारच थोडं तिच्या वयाशी जोडलेलं आहे.

मुळात आम्ही डिझेल घेतलंच का, तेही सांगतो, कारण त्यात सरकारचाही हात होता. २०११ मध्ये पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे विसेक रुपयांचं अंतर होतं. माझी नोकरी वास्कोला, घर डिचोलीत. कदंब महामंडळ १९८० पासून आहे, खाजगी बसगाड्याही आहेत, पण संध्याकाळ उलटली की गावाकडे जाणारी बस मिळणं नशिबाचा भाग. रोजचं शंभरावर किलोमीटर धावायचं तर डिझेलशिवाय हिशेब बसत नव्हता. पुढच्याच वर्षी मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला आणि गोव्यात पेट्रोल एका दणक्यात अकराएक रुपयांनी उतरलं. शेजारच्या पेट्रोलवाल्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. मग जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नासेक पैशांनी चढत गेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्राने त्याचे दर बाजारावर सोडून दिले. आता दोन्हींतलं अंतर दहाच्या आत आलंय. म्हणजे एका धोरणाने आम्हाला डिझेलकडे ढकललं, दुसऱ्याने तो फायदा काढून घेतला, आणि तिसरं म्हणतंय की तुमची गाडीच नको. नव्या डिझेलचा पर्यायही उरलेला नाही म्हणा. बीएस-सहा लागू झालं त्या एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल इंजिनं बंदच केली, आणि छोट्या गाड्यांच्या बाजारातून डिझेल जवळपास गेलंच.

इंजिनाबद्दल मात्र कौतुकानेच बोलावं लागेल. १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं. एकाच काळात मारुती, टाटा आणि फियाट तिघांच्याही गाड्यांत ते बसत होतं. त्याचा मोठा फायदा असा की म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठल्याही मेस्त्रीला ते उघडता येतं आणि सुटे भाग मिळतात. इंजिनाच्या झडपांचं टायमिंग सांभाळायला पट्ट्याऐवजी चेन आहे, त्यामुळे लाखभर किलोमीटरनंतर पट्टा बदलायचा खर्च नाही. पण त्या चेनला वेळेवर ऑईल लागतं. ज्याने ऑईल लांबवलं त्याची चेन सैल होते आणि सकाळी चावी फिरवल्यावर इंजिनातून खडखडाट येतो. डिझेलचं ऑईल घातल्याबरोबर काळं पडतं, नवखा मालक घाबरतो. ती काजळी आहे, ऑईल तिला धरून ठेवतंय, त्याचं कामच ते. त्याचं काळेपण बघू नये, दिलेला अवधी पाळावा. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, गरम असताना गाडी उभी केल्याबरोबर इंजिन बंद करू नये, अर्धा-एक मिनिट चालू द्यावं. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी जमतं ते पावसाळ्यात वेळोवेळी सोडून द्यावं. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की यातलं काहीच महाग नाही. फक्त नेमाने करावं लागतं, आणि ज्याने ते केलं त्याचं डिझेल इंजिन दोन लाख किलोमीटरनंतरही कुरकुरत नाही. माझ्याच गाडीने दोन लाखांचा आकडा केव्हाच मागे टाकला आणि ॲव्हरेज अठराच्या खाली फारसं उतरलेलं नाही.

अशा गाडीने एका वर्षी अचानक काळा धूर सोडायला सुरुवात केली. चढावर दम टाकायची. केरीपासून वर चोर्ल्याला चढताना मागची गाडी दिसेनाशी व्हावी इतका धूर. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. त्यांनी कॉम्प्युटर लावला, चहा दिला आणि टर्बो गेलाय म्हणून सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून मी चहा अर्धाच ठेवला. परत येताना आमच्या गावच्या मेस्त्रीकडे थांबलो. त्याने बॉनेट उघडलं, मला रेस द्यायला सांगितलं आणि हात पाठीमागे बांधून नुसता ऐकत उभा राहिला. मग टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारा रबरी पाइप दोन बोटांनी दाबला. खालच्या बाजूला, जिथे क्लिप बसते तिथे, पाइपाला बोटभर चीर होती. रेस दिली की ती उघडायची आणि दाबलेली हवा तिथूनच बाहेर जायची. इंजिनाला डिझेल पूर्ण, हवा अर्धी. जळायचं राहिलेलं डिझेल धूर होऊन मागून बाहेर. पाइप बदलला आणि धूर गेला. टर्बो आजही तोच आहे.

हा किस्सा सेंटरची खोड काढायला सांगत नाहीये. मुद्दा असा की ती गाडी तेव्हा सहा-सात वर्षांचीच होती. वयाच्या नियमात ती अगदी निर्दोष, आणि धुराच्या हिशेबात त्या रस्त्यावरची सगळ्यात घाण गाडी. आज ती त्याच्या दुप्पट वयाची आहे आणि सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला तर राखाडी होतो, काळा होत नाही.

आता पीयूसीकडे येऊ, कारण धूर तपासायची जागा तीच. डिझेल गाडीची चाचणी नियमात स्पष्ट लिहिलीय. इंजिन पूर्ण तापलेलं हवं. गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायचा, इंजिन कमाल आरपीएमला जाऊ द्यायचं, सोडायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करून धुराच्या घनतेची सरासरी काढायची. बीएस-तीनपर्यंतच्या डिझेलला मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक, बीएस-चारला ५०. बीएस-तीनचं प्रमाणपत्र सहा महिन्यांचं, बीएस-चारपासून पुढे वर्षाचं. कागदावर काहीच चुकीचं नाही. प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या ड्रायव्हरला विचारावं. एका केंद्रावर माझ्या गाडीचं इंजिन बंद असताना नंबरप्लेटचा फोटो काढून प्रमाणपत्र हातात आलं. दुसऱ्या ठिकाणी नळी सायलेन्सरमध्ये घातली, पण ॲक्सिलरेटर इतक्या हळुवार दाबला की जणू आत बाळ झोपलंय. नावं मी घेणार नाही. मुलं दहा-पंधरा हजारांवर काम करणारी, त्यांना कुणी शिकवलेलंही नसतं, आणि जोरात रेस दिल्यावर इंजिन बसलं तर मालक त्यांचीच गचांडी धरणार. पण या चाचणीचा अर्थच पूर्ण रेसमध्ये आहे. हळू दाबलं तर फाटक्या पाइपाची गाडीसुद्धा पास होते.

आणि एक गोष्ट ही चाचणी कितीही नीट केली तरी पकडत नाही. डिझेलमध्ये ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह असतो. इंजिनातून निघालेल्या वायूचा थोडा भाग तो परत आत सोडतो, त्यामुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. हळूहळू काजळीने तो चिकटतो. जुना झुआरी पूल पार करण्यात ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला, २०२२ च्या अखेरीस नवा पूल सुरू होईपर्यंत रोज क्लच-ब्रेक करत उभे राहिले, त्यांच्या गाड्यांचे ईजीआर लवकर भरले यात नवल नाही. तो साफ करता येतो; अर्ध्या दिवसाचं काम. पण गॅरेजवाला सुचवतो, साहेब, पत्र्याची एक चकती घालून बंदच करून टाकू, गाडी पळेल बघा. गाडी खरंच पळते, दिसणारा धूरही कमी होतो. न दिसणारे नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र वाढतात, आणि पीयूसीत डिझेलचा फक्त दिसणारा धूर मोजला जातो. म्हणजे चकती घातलेली गाडी चाचणीत अधिक चांगली ठरते! नव्या बीएस-सहा गाड्यांत हाच प्रकार डीपीएफचा. सायलेन्सरच्या रांगेत बसवलेली ही चाळणी काजळी धरून ठेवते आणि मग सुमारे सहाशे अंशांवर ती जाळून टाकते. त्यासाठी गाडी अधूनमधून हायवेला सलग पळावी लागते. बेळगावला जाऊन-येऊन असणाऱ्याला अडचण येत नाही. पण ज्याची गाडी घर-शाळा-बाजार एवढीच फिरते त्याची चाळणी तुंबते, दिवा पेटतो, बिल येतं. मग कुणीतरी सांगतं, चाळणी काढून आत सरळ पाइप टाकून देऊ. तीन वर्षांची गाडी, कागदोपत्री देशातली सगळ्यात स्वच्छ, आणि पोटात काहीच नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडतो. बीएस-तीन डिझेल गाडीला किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-सहाला ०.००४५. नायट्रोजनच्या ऑक्साइडना बीएस-तीनमध्ये ०.५०, आता ०.०८. म्हणजे माझी गाडी कितीही जपली तरी नीट चालणाऱ्या नव्या गाडीची बरोबरी तिला जन्मात साधणार नाही. कणांच्या बाबतीत तर फरक दहा पटींहून जास्त. जुनं ते सोनं असला सूर मला लावायचा नाही. उद्या पणजीच्या मधल्या भागात किंवा बांबोळीच्या हॉस्पिटलच्या आवारात जुन्या डिझेलला बंदी घातलीत तर मी गाडी बाहेर लावून चालत जाईन. पण बंदीची रेघ मोजमापावर ओढा. मोजायचं यंत्र आपल्याकडे आहे, चाचणी लिहिलेली आहे. फक्त ॲक्सिलरेटर दाबायचा राहिलाय.

धुरावर बोलायला निदान पर्यावरणवाले तरी आहेत. ज्याबद्दल कुणीच बोलत नाही आणि गोव्याच्या दृष्टीने मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते आहे गाडीचा तळ.

आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. हवेत बारा महिने खारटपणा. वास्कोत असताना माझी गाडी दिवसभर समुद्राच्या बाजूला उघड्यावर उभी असायची. पुढे कामाचं ठिकाण पणजी झालं, तेव्हा मये-चोडणवरून रायबंदरची फेरीबोट धरायला लागलो. रस्ता जवळचा, खाजण आणि पक्षी बघत जाता येतं, त्यासारखं सुख नाही. पण भरतीच्या वेळी बोटीवर चढताना पुढची चाकं धक्क्यावरच्या पाण्यातून जातात आणि मांडवीचं ते मचूळ पाणी सरळ गाडीच्या पोटाला लागतं. रायबंदरला उतरल्यावर कुणी पोट धुऊन काढत नाही. सगळे ऑफिसला पळतात. त्यात आमच्या भागातली तांबडी धूळ. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तोवर डिचोली-साखळी रस्त्यावर ट्रकांच्या रांगांमागून जाताना एअर फिल्टर उघडला की हळदीकुंकवातलं कुंकू सांडल्यासारखा दिसायचा. ती धूळ चाकांच्या कमानीत चिखल होऊन बसते, सुकते, पुन्हा भिजते, आणि ओल धरून ठेवते. घरी अंगणातल्या आंब्याखाली गाडी लावली तर पानं काचेखालच्या जाळीत शिरतात, पाणी जायची भोकं बुजतात, आणि एका सकाळी पायाखालची मॅट उचलावी तर तिच्याखाली तळं. दरवाज्यांच्या खालच्या कडेलाही अशीच बारीक भोकं असतात. ती तारेने मोकळी करत राहावं लागतं, नाहीतर पत्रा आतून सडतो आणि रंगाला बाहेरून फोड आला की मगच कळतं.

चवथीआधी गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला गाडी लागणार म्हणून एका वर्षी मेस्त्रीकडे तिची नीट तपासणी करून घेतली. त्याच्या गॅरेजात सिमेंटचा पिट आहे, माणूस उभा राहील एवढा खोल. त्याने मलाही आत बोलावलं. हातात टॉर्च आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तो पत्रा ठोकत पुढून मागे सरकत गेला. चांगल्या पत्र्याचा टणत्कार आणि सडक्या पत्र्याचा भदभद आवाज यांतला फरक मला तिथे पहिल्यांदा कळला. डाव्या बाजूला, दरवाज्याखालच्या पट्टीत, जॅक लावायच्या जागेच्या जरा मागे, आवाज बदलला. त्याने स्क्रूड्रायव्हर उलटा केला आणि टोक हलकेच टेकवलं. ते आत गेलं. जोर न लावता, पुठ्ठ्यात जावं तसं. काळ्या कोटिंगखाली पत्रा उरलाच नव्हता, तांबडा भुसा होता. मग त्याने मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा बारीक पाइप दाखवला. एका क्लिपखाली त्यालाही पापुद्रे सुटलेले. "इंजिन बरें आसा," तो म्हणाला, "पूण गाडी सकयल्यान कुसल्या." म्हणजे इंजिन बरं आहे, पण गाडी खालून कुजलीय.

ती पट्टी कापून नवा पत्रा वेल्ड केला, ब्रेकचा पाइप बदलला, खालून आधी सगळा गंज खरवडून मग प्रायमर आणि मग कोटिंग केलं. क्रम महत्त्वाचा आहे. सेकंडहॅन्ड बाजारात विकायला उभ्या असलेल्या बऱ्याच गाड्यांच्या पोटाला असतं ते ताजं काळं कोटिंग थेट गंजावर मारलेलं असतं. वरून मस्त काळंभोर दिसतं, आत ओल कोंडून सडणं चालूच. घेणारा बॉनेट उघडतो, इंजिन ऐकतो, सीटवर हात फिरवतो, म्युझिक सिस्टम लावून बघतो. खाली वाकत कुणीच नाही.

आता विचार करा. पंधरा वर्षांनी नोंदणीसाठी आलेल्या गाडीचा दिवा लागतो का, हॉर्न वाजतो का, चॅसिस नंबर जुळतो का, हे बघायला काही मिनिटं पुरतात. ब्रेकचा पाइप कुजलाय का, मागचा ॲक्सल ज्या पत्र्याला बांधलाय तो पत्रा शाबूत आहे का, पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे बसतं तिथे चिरा आहेत का, हे गाडीखाली गेल्याशिवाय कळायला मार्ग नाही. सडका पत्रा धूर सोडत नाही, आवाज करत नाही, दिवाही पेटवत नाही. अपघातात कळतो. किनाऱ्यालगतची आठ वर्षांची पेट्रोल गाडी या बाबतीत आतल्या सत्तरी तालुक्यातल्या अठरा वर्षांच्या डिझेलपेक्षा जास्त धोक्याची असू शकते, आणि वयाचा कुठलाही नियम तिला हात लावणार नाही.

म्हणून मागणी करतो, आणि ती फार मोठी नाही. मोटार वाहनांचे मूळ नियम केंद्राचे असतात हे मला माहीत आहे. पण तपासणी कुठे, कशी आणि किती मनापासून होते हे राज्याच्या हातात आहे. प्रत्येक तालुक्यात, जिथे जुन्या गाड्या नूतनीकरणासाठी आणल्या जातात तिथे, एक पिट खणा किंवा लिफ्ट बसवा. आमच्या मेस्त्रीला परवडतो तो सिमेंटचा खड्डा सरकारला परवडणार नाही असं मी मानत नाही. तपासणाऱ्याने खाली उतरून ठोकून बघावं आणि काय दिसलं ते मालकाला लेखी द्यावं: कुठला पत्रा बदलायचा, कुठला पाइप, किती दिवसांत. नापास झालेल्याला दुरुस्तीची मुदत द्या, आणि दुरुस्तीपलीकडे गेलेली गाडी असेल तर तिची आरसी तिथेच रद्द करा. त्याबद्दल आमच्यापैकी शहाणा माणूस तक्रार करणार नाही. जुनी गाडी भंगारात देऊन नवी घेणाऱ्याला रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची मुभा केंद्राने २०२१ मध्येच राज्यांना दिलीय. तळ सडलेल्या गाडीच्या मालकाला ती सवलत कशी मिळेल हे तपासणीच्या त्याच टेबलावर समजावून सांगा, म्हणजे तो गाडी काळं फासून दुसऱ्याच्या गळ्यात मारणार नाही.

पीयूसी केंद्रांवर अधूनमधून साध्या वेशात एखादी धुरकट गाडी पाठवा. पास झाली तर केंद्राचा परवाना दोन महिने बंद. बाकी केंद्रं आपोआप ॲक्सिलरेटर दाबायला शिकतील. ईजीआरला चकती घालणं आणि डीपीएफ काढणं हा गुन्हा समजून गॅरेजवाल्यांशी बोला, पण आधी त्यांना शिकवा. आपल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग आहेच. गावच्या मेस्त्रींसाठी तिथेच दोन-चार रविवारांचं शिबिर भरवायला किती खर्च येणार? आमच्या मेस्त्रीसारखी माणसं कानाने निदान करतात; त्यांच्या हातात एक स्कॅनर आला आणि धुराच्या नियमांची नीट माहिती मिळाली तर अर्ध्या जुन्या गाड्या सहा महिन्यांत सुधारतील. ही माणसं आता कमी होत चाललीत, त्यांची मुलं जहाजावर जातात किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर. वीस वर्षांनी डिझेल गाड्या नसतील हे ठीक, पण तोवर त्या दुरुस्त करणारं कुणी हवं की नाही?

जाता जाता बसबद्दल. पणजीहून डिचोलीला रात्री साडेनऊला एक कदंब सोडा, ती रोज सुटेल याची खात्री द्या, आणि माझ्यासारखे किती लोक गाडी घरी ठेवतात ते मोजा. जुन्या डिझेल गाड्या कमी करायचा हा उपाय कुठल्याही बंदीपेक्षा स्वस्त पडेल. पण तो वेगळ्या खात्याचा विषय आहे असं उत्तर येईल, म्हणून जास्त लांबवत नाही.

माझी गाडी तपासणीला घेऊन येतोच आहे. इंजिन तापवून आणीन, पूर्ण रेस देऊन धूर मोजा. खाली बघायला पिट नसेल तर आमच्या मेस्त्रीने आपला वापरायला द्यायची तयारी दाखवलीय; तपासणाऱ्याने फक्त जुने कपडे घालून यावं, कोटिंगचे डाग निघत नाहीत.

कळावे,

आपला,
डिचोली मतदारसंघातला एक मतदार आणि वाहनमालक

ता.क. : हे पत्र वाचून कुणी सदस्य स्वतःच्या गाडीचं पोट तपासून घेणार असतील तर पावसाळा संपल्यावर, नवरात्रीच्या सुमारास घ्यावं. गंज तेव्हा ताजा असतो, लगेच दिसतो. मे महिन्यात बघितलं तर सुकलेल्या चिखलाखाली सगळं ठीकच वाटतं.